पार्ट बीवर सही कोणाची? विधी व न्याय विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. मोबाइलमधला मेसेज, कॉलचं रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीचं चित्रण, ईमेल यांची प्रत कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना अधिनियमाच्या शेवटी अनुसूचीत छापलेला आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत. पार्ट ए पक्षकाराने भरायचा आणि पार्ट बी तज्ज्ञाने भरून सही करायची. हा तज्ज्ञ कोण, तो भेटतो कुठे, पैसे किती घेतो आणि सही किती दिवसांत देतो, यातलं काहीही कोल्हापुरातल्या साध्या पक्षकाराला सरकारकडून अजून समजलेलं नाही. मी सरकारला हे जाहीरपणे विचारते आहे, कारण माझ्या अशिलांची प्रकरणं या एका सहीपाशी अडून बसली आहेत.

मी कोल्हापुरात वकिली करते. कौटुंबिक वाद आणि दिवाणी दावे हे माझं रोजचं काम. मंत्रालयातून कदाचित असं वाटत असेल की इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आणि सायबर गुन्हे. आमच्याकडे तसं नाही. इचलकरंजीत सुताचा सौदा आता व्हॉट्सॲपवर ठरतो; भाव, माल पोचवायची तारीख आणि शेवटी समोरच्याने पाठवलेलं अंगठ्याचं चिन्ह, एवढाच काय तो करार. हुपरीत चांदीच्या पैंजणांचं डिझाइन आणि वजन कारागिराला फोटोवरच कळवलं जातं. गुळाच्या अडतीवरची पट्टी फोनवर येते. नवरा-बायकोच्या भांडणात तर कागद जवळजवळ संपलाच आहे. शिव्या फोनवर, धमक्या फोनवर, पैशांची मागणीही फोनवर. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात पती-पत्नीमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही वैवाहिक वादात पुरावा म्हणून चालू शकतं, असा निकाल दिला. त्या निकालाचा मला फार आनंद झाला असं नाही. पण त्यानंतर रेकॉर्डिंग घेऊन येणारे अशील वाढले आहेत, आणि त्या प्रत्येकाला मला पार्ट बीविषयी सांगावं लागतं.

शिरोळ तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरमालकाचं प्रकरण सांगते. त्याने ऊसतोडीसाठी मुकादमाला उचल दिली. पहिल्या रकमेचा नोटरी करार आहे. पुढे मुकादमाने आणखी दोनदा पैसे मागून घेतले, काही रोख, काही फोनवरून. त्या पैशांचा कागद नाही. आहेत ते मुकादमाचे व्हॉइस मेसेज: दसऱ्याला टोळी घेऊन येतो, एवढे पाठवा, बायकांना किराणा भरून द्यायचाय. टोळी आली नाही. हंगाम गेला, ट्रॅक्टरचे हप्ते थकले. दावा लावला, मेसेज पेन ड्राइव्हवर घेऊन दाखल केले. सरतपासात, म्हणजे आमच्या बाजूची साक्ष चालू असताना, मेसेजना निशाणी (पुराव्याचा नंबर) मागितली तेव्हा समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, पार्ट बी नाही. हरकत कायद्याला धरून होती, त्यांच्या जागी मीही घेतली असती. बाहेर आल्यावर अशील मला म्हणाला, "मॅडम, आवाज त्याचाच हाय न्हवं? तो बी नाही म्हणत नाही. मग आनि कुणाची सही पायजे?"

त्याला द्यायला माझ्याकडे नाव नव्हतं. आजही नाही.

आता अडचणी सांगते.

पहिली अडचण कायद्याच्या शब्दांतच आहे. कलम ६३ 'तज्ज्ञ' म्हणतं आणि पुढे जातं. कलम ३९ च्या पहिल्या पोटकलमात कोणत्याही क्षेत्रातल्या विशेष जाणकाराचं मत ग्राह्य धरलं आहे. दुसऱ्या पोटकलमात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ अ मधला 'इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षक' येतो, आणि तो परीक्षक म्हणजे केंद्र सरकारने अधिसूचित केलेला सरकारी विभाग किंवा संस्था. पार्ट बीवर सही करणारा यातला कोण? बाररूममध्ये दोन्ही मतं ठामपणे मांडली जातात. पहिलं मत धरलं तर संगणकाचा कुठलाही जाणकार सही करू शकतो. दुसरं धरलं तर खाजगी माणसाची सही बादच, आणि सरकारी प्रयोगशाळेकडे खाजगी पक्षकार थेट जाऊच शकत नाही. तिथे मुद्देमाल पोलिसांकडून किंवा कोर्टामार्फत जातो. म्हणजे एका मताप्रमाणे कोणीही चालतो आणि दुसऱ्याप्रमाणे कोणीच मिळत नाही. त्यामुळे पक्षकाराने पैसे मोजून आणलेली सही कोर्टात टिकेल की नाही, हे निकाल लागेपर्यंत कोणीही सांगू शकत नाही.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागणारी आहे. पार्ट बीमध्ये तज्ज्ञ नेमकं काय लिहितो ते मुद्दाम वाचून बघा. नोंद कुठल्या उपकरणातून घेतली, तिची हॅश व्हॅल्यू काय आणि ती कुठल्या पद्धतीने काढली, बस. हॅश म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते आणि फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. फाइल नंतर कोणी बदलली नाही, एवढंच त्यातून कळतं. मेसेज कोणी लिहिला, कोणत्या मनःस्थितीत लिहिला, खरा की रचलेला, यावर ती ओळ काहीच बोलत नाही. ते उलटतपासातच ठरायचं. आणि ही ओळ काढायला लागणारी सोय विंडोज असलेल्या साध्या संगणकात आधीपासून असते. लहान फाइलला काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांच्या कामासाठी पक्षकाराने पुण्या-मुंबईच्या खाजगी तज्ज्ञांना फोन करत बसायचं आणि ते सांगतील ती फी द्यायची. फीला वरची मर्यादा नाही, पावतीवर काय लिहायचं याचा नियम नाही.

हे मी पडताळणीच्या विरोधात लिहीत नाही, हा गैरसमज नको. खोट्या चॅटचे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप फुकट मिळतात. कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारी साधनं आली आहेत. पुरावा तपासूनच घ्यायला हवा. माझ्या अशिलाविरुद्ध उद्या कोणी बनावट रेकॉर्डिंग आणलं तर हेच कलम ६३ घेऊन मी उभी राहीन. म्हणून तर हा पार्ट बी नीट चालायला हवा.

तिसरी गोष्ट बायकांची आहे, आणि तिच्याविषयी मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. माझी एक अशील महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात कामाला आहे. नवऱ्यापासून वेगळी राहते. कुठे राहते हे त्याला कळू नये म्हणून तिने दोनदा खोली बदलली. त्याच्या धमक्यांचे मेसेज तिच्या फोनमध्ये आहेत. फोनची काच खालच्या कोपऱ्यात फुटलेली, कव्हरमागे मुलीचा शाळेतला फोटो खोचलेला. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे त्या न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत थोडी मोकळीक आहे. पण तिचं एक प्रकरण फौजदारी न्यायालयात आहे आणि ती मोकळीक तिथे लागू नाही. मी चौकशी करून एका खाजगी तज्ज्ञाचा पत्ता दिला. त्याने फोन दोन दिवस ठेवून जायला सांगितलं. ती फोन हातात घट्ट धरून परत आली. त्या फोनमध्ये तिचं बँकेचं ॲप, मुलीचे फोटो, बहिणीशी केलेलं बोलणं आणि तिच्या नव्या खोलीचा पत्ता होता. अनोळखी माणसाकडे हे सगळं दोन दिवस का ठेवायचं, असं तिने मला विचारलं. अगदी बरोबर विचारलं. हा तज्ज्ञ फोनमधलं काय उतरवून घेतो, ते किती दिवस ठेवतो, कोणाला दाखवतो, यावर बंधन घालणारा शब्द अनुसूचीत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. न्याय मागायला आलेल्या बाईला तो हक्क कोर्टाच्या दाराबाहेर ठेवून यायला लावू नका.

मूळ फोनच कोर्टात हजर करा, मग प्रमाणपत्राची गरज नाही, असं सुचवणारे आहेत. कायद्याने ते खरं आहे. पण फोन एकदा जमा झाला की सुटायला किती महिने लागतील याचा भरवसा नाही. ज्याचं बँकेचं ओटीपी, रेशनचं काम, मुलांच्या शाळेचे निरोप सगळं त्या एकाच फोनवर येतं, त्याने तो जमा करून खटला संपायची वाट बघायची? आणि ट्रॅक्टरमालकाने तर जुना फोन दुकानात एक्स्चेंजला देऊन टाकला होता. मेसेज टिकले ते मुलाच्या फोनवर फॉरवर्ड केले होते म्हणून. पार्ट एमध्ये उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, असं सगळं लिहायचं असतं. दुकानात गेलेल्या फोनचा आयएमईआय खोक्यावर सापडला तर नशीब.

वेळेचंही असंच. व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण नव्याने पुसलं जातं. पुरावा हातात असताना हॅश काढून ठेवता आली पाहिजे. दावा उभा राहून पुराव्याची तारीख लागेपर्यंत त्यातलं बरंच काही उरत नाही.

शिवाय कलम ६३ (४) प्रमाणे पुरावा जितक्या वेळा सादर कराल तितक्या वेळा सोबत प्रमाणपत्र हवं. घटस्फोटाचा अर्ज एका कोर्टात, पोटगी दुसऱ्या, फौजदारी खटला तिसऱ्या कोर्टात. मेसेज तोच, फोन तोच, पण सही प्रत्येक वेळी नवी आणि फीही नवी.

हे सगळं १८७२ च्या जुन्या कायद्यात नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली त्यात कलम ६५ ब आलं. त्याच्या प्रमाणपत्रावर एकच सही लागायची, ते उपकरण सांभाळणाऱ्या जबाबदार व्यक्तीची. तरीही बरीच वर्षं गोंधळ झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अन्वर निकालाने प्रमाणपत्र सक्तीचं केलं, २०१८ मध्ये शफी मोहम्मद निकालाने सक्ती सैल केली आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात ती परत पक्की केली. तो निकाल आपल्याच मातीतला, जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर आले की आधी, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. पक्षकार प्रमाणपत्र पुनःपुन्हा मागत राहिला, अधिकाऱ्याने दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिथे स्पष्ट केलं की पक्षकाराने आपल्याकडून सर्व प्रयत्न केले आणि प्रमाणपत्र देणं ज्याच्या हातात आहे तोच देत नसेल, तर अशक्य ते करून दाखवायला कायदा लावणार नाही. साहेब, आज कायद्याने एकाऐवजी दोन सह्या मागितल्या आहेत आणि दुसरी सही करणारा माणूस सरकारने उभाच केलेला नाही. ट्रॅक्टरमालकाने आणि साडीच्या दुकानातल्या त्या बाईने यापेक्षा वेगळे कोणते प्रयत्न करायचे?

पोलिसांची मात्र सोय झाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आलं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद झाली. हे चांगलंच झालं. पण न्यायालयात येणारा प्रत्येक माणूस पोलिसांच्या बाजूने येत नाही. कोणी वादी असतो, कोणी पत्नी, कोणी खोट्या गुन्ह्यात अडकलेला आरोपी, ज्याची सुटका एखाद्या सीसीटीव्ही चित्रणावर अवलंबून आहे. त्यांच्यासाठी काय केलं?

अधिनियम केंद्राचा आहे, राज्याच्या हातात काही नाही, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. पण पुरावा हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. अनुसूची बदलणं तुमच्या हातात नसेल, मी पुढे जे मागते आहे त्यातलं बहुतेक तुमच्या हातात आहे.

राज्याने तज्ज्ञ म्हणजे कोण याबद्दल केंद्राकडे लेखी खुलासा मागावा आणि आलेलं उत्तर जाहीर करावं. उच्च न्यायालयालाही याबाबत निर्देश देण्याची विनंती राज्याने करावी. खुलासा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये.

प्रत्येक जिल्ह्यात पार्ट बी देणाऱ्या जाणकारांची यादी करावी. कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांना थोडं प्रशिक्षण देऊन यादीवर घेता येईल. यादी जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर मराठीत लावावी, शेजारी फी लिहावी आणि त्यापेक्षा एक रुपया जास्त घेता येणार नाही असं ठरवावं.

कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात, आणि पुढे प्रत्येक तालुका न्यायालयात, एक खिडकी उघडावी. माझी सर्वात जोराची मागणी हीच आहे. माणूस फोन घेऊन येईल, फोन त्याच्या हातातच राहील, त्याच्यासमोर फक्त लागतील तेवढ्याच फाइल उतरवल्या जातील, हॅश काढली जाईल, सही-शिक्का होईल आणि प्रत पाकिटात सीलबंद होईल. दावा दाखल झालेला नसला तरी हे करून मिळालं पाहिजे, म्हणजे पुसला जाणारा पुरावा वाचेल. एकदा काढलेली हॅश जुळत असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या कोर्टासाठीचं प्रमाणपत्र त्याच खिडकीत विनाशुल्क मिळावं. जो कोणी सही करेल त्याच्याकडून गुप्ततेची लेखी हमी घ्यावी, आणि फाइलची प्रत त्याच्याकडे राहणार नाही हे त्या हमीत असावं.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. वकील फुकट आणि पार्ट बीला हजारो रुपये, अशी मदत अर्धीच राहते. या सगळ्यांसाठी प्रमाणपत्राचा खर्च जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने उचलावा.

अनुसूचीचा नमुना मराठीत, भरून दाखवलेल्या उदाहरणासह, न्यायालयात मिळावा. १९९८ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. आयएमईआय कुठे सापडतो, चॅट कशी एक्स्पोर्ट करायची, स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फाइल का जपायची, हे साध्या भाषेत एका पानावर मावतं.

वकील बंधू-भगिनींनाही एक विनंती. समोरच्याचा मेसेज खरा आहे हे माहीत असताना, तो आपल्या अशिलानेही नाकारलेला नसताना, केवळ पार्ट बी नाही म्हणून हरकत घ्यायची की नाही हे आपल्या हातात आहे. संघटना म्हणून आपण यावर एकदा बसून बोलायला हवं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी चार दशकांहून जास्त काळ लढा दिला. आता सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचेही पक्षकार इथे येतात. या सहा जिल्ह्यांसाठी पहिली खिडकी कोल्हापुरात सुरू करणं सोयीचं आहे, जागा आहे, माणसं आहेत. त्यासाठी किती मुदत लागेल आणि जबाबदार अधिकारी कोण असेल, एवढं या पत्राच्या उत्तरात लेखी कळवावं. ट्रॅक्टरमालकाच्या दाव्याची पुढची तारीख जवळ आली आहे.

आपली विश्वासू,
कोल्हापुरातील एक वकील

प्रत माहितीसाठी: मा. प्रबंधक, मुंबई उच्च न्यायालय, कोल्हापूर सर्किट बेंच; जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर; सहाही जिल्ह्यांतील वकील संघटना